ताईला माहेरी आणायला इलेक्ट्रिक गाडीने: वडीगोद्री ते हसनाबाद आणि परत

आमच्याकडे मुलीला बाळंतपणासाठी सासरहून आणायला भाऊ जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. आम्हाला भाऊ नाही. म्हणून ताईच्या वेळी मी जाहीर केलं की मुऱ्हाळी मीच, आणि जाणार माझ्याच गाडीने.

गाडी इलेक्ट्रिक आहे, सेकंडहँड आहे आणि आमच्या घरात कुणाच्याही नावावर झालेलं पहिलं चारचाकी वाहन आहे. मी जालन्याला एका बियाण्यांच्या कंपनीत प्रयोगशाळेत काम करते. वडीगोद्रीहून रोजचं येणं-जाणं. रात्री घरी चार्जिंगला लावायची, सकाळी निघायचं, असं चार महिने सुरळीत चाललं होतं. पण बाबांचा गाडीवर विश्वास नव्हता. त्यांचं हायवेवर चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे आणि तिथे बंद पडलेल्या गाड्यांचे ड्रायव्हर रोज चहा पितात. त्यामुळे त्यांच्या मते कुठलीही गाडी मुळात बंद पडण्यासाठीच बनते.

"जालन्यापोत्तर ठीक हाय," बाबा म्हणाले. "हसनाबाद म्हंजे भोकरदन तालुका. तिथं बंद पडली तं पोटुशी पोरगी घेऊन काय रस्त्यात बसती का?"

प्रश्न योग्य होता. ताईला सातवा महिना संपत आला होता. दोन दिवसांनी आठवा लागणार, आणि आठव्यात तिच्या सासरचे प्रवासाला पाठवत नाहीत. डॉक्टरांनी खच्चून भरलेल्या जीपला साफ मनाई केली होती. दाजी पुण्याला कंपनीत, त्यांना सुट्टी नव्हती. म्हणजे एकच दिवस होता, आणि ताईने फोनवर मला सांगितलं होतं, "वर्षा, मी तुझ्याच गाडीत येणार. नाहीतर मला नेऊच नका." त्यामुळे ती गाडी त्या दिवशी जाऊन येणं ही माझ्या इज्जतीची गोष्ट झाली होती.

ज्यांना अशीच सहल करायची आहे त्यांच्यासाठी आधी थोडं गणित. माझ्या गाडीला फास्ट चार्जिंगचं तोंडच नाही. ते असलेलं मॉडेल माझ्या बजेटच्या पलीकडे होतं. म्हणजे हायवेवरच्या मोठ्या चार्जिंग मशीनचा मला काही उपयोग नाही. माझी गाडी घरातल्या सोळा अँपियरच्या, म्हणजे गिझर किंवा घरगुती गिरणी लावतो त्या मोठ्या सॉकेटवर हळूहळू चार्ज होते, तासाला साधारण दहा टक्के. कंपनीच्या कागदावर रेंज भरपूर लिहिलेली असते. ती माणसाने वाचावी आणि विसरून जावी. प्रत्यक्षात फुल चार्जवर माझी गाडी दीडशेच्या आसपास चालते. वडीगोद्री ते हसनाबाद नव्वद किलोमीटरच्या आत-बाहेर. जायला पुरेल, यायला पुरणार नाही. तिथे चार-पाच तास चार्ज केली की झालं. ताईच्या घरी गिरणीचं मोठं सॉकेट आहे हे मी फोटो मागवून पाहिलं होतं. इतकी तयारी मी पदवीच्या परीक्षेचीसुद्धा केली नव्हती.

पहाटे शंभर टक्के घेऊन निघाले. वडीगोद्री ते अंबड रस्ता चांगला, गाड्या कमी, मे महिना असूनही काच उघडी ठेवून जाता आलं. एसी लावला की रेंज कमी होते, हे खरं आहे, पण लोक सांगतात तेवढी नाही. खरा खर्च वेगाचा. ताशी साठ-पासष्टने गेलात तर गाडी लांब जाते, नव्वदने गेलात तर टक्के डोळ्यांदेखत उतरतात.

जालन्यात थांबणं भाग होतं, कारण आईने जुना जालन्यातल्या एका दुकानात ताईसाठी हिरवी साडी बाजूला काढून ठेवायला सांगितली होती. जुना जालन्यात सकाळी धान्याचे ट्रक खाली होत असतात आणि उरलेल्या जागेत रिक्षा आणि दुचाकी असतात. पेट्रोलची गाडी तिथे नुसती उभी राहून तेल पिते. इलेक्ट्रिकचं उलटं आहे. अर्धा तास त्या गल्लीत अडकले आणि एक टक्कासुद्धा कमी झाला नाही. अडचण एवढीच की आवाज नसल्यामुळे कुणी बाजूला होत नाही. एक गृहस्थ गाडीच्या बॉनेटला टेकून निवांत मोबाईलवर बोलत उभे होते. मी हळूच हॉर्न दिला.

"चालू हाय का गाडी?" ते दचकून म्हणाले.

"हो काका."

"मंग बोलायचं ना बाई. मी समजलो पार्किंग हाय."

साडी घेऊन राजूरच्या रस्त्याला लागले. इथून हळूहळू चढ आहे. चढ दिसत नाही, पण बॅटरीला कळतो. राजूरला चहा आणि मिरचीची भजी घेतली. भजी उत्तम, चहा गोड. टपरीवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारून तो प्रश्न विचारला जो मला रोज कुणीतरी विचारतंच.

"किती देती?"

"युनिटला सहा-साडेसहा किलोमीटर," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"युनिट म्हंजे लाईटचं?"

"हो."

"मंग तुमच्या गाडीचं बिल महावितरणवाले पाठवतेत का घरी?" मी हो म्हणाले. "मंग कठीण हाय," तो म्हणाला आणि त्याने मला न विचारता दुसरा चहा दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

हसनाबादला पोचले तेव्हा एकेचाळीस टक्के उरले होते, अगदी माझ्या हिशेबाप्रमाणे. ताईच्या सासऱ्यांनी, तात्यांनी, ओसरीतलं सॉकेट पुसून ठेवलं होतं. मी केबल लावली. केबलच्या मधोमध विटेएवढा एक डबा असतो, त्यावर दिवा असतो. हिरवा म्हणजे चार्जिंग चालू, लाल म्हणजे नाही. तेवढ्यात आतून ताई आली, तिचं पोट पाहून मी सगळं विसरले, आणि आम्ही दोघी आत गेलो.

ताईच्या सासूबाई, ज्यांना मी मावशी म्हणते, कडक बाई आहेत. त्यांना माझी गाडी पसंत नव्हती हे त्यांनी लपवलं नाही. पण घरी आलेल्या वस्तूची काळजी घेणं त्यांच्या स्वभावात आहे. तो विटेएवढा डबा उन्हात तापेल म्हणून त्यांनी जाता-येता त्यावर ओला टॉवेल टाकला. तो टॉवेल नसता तर ही पोस्ट बरीच लहान झाली असती.

जेवणं झाली. गल्लीतल्या बायका जमल्या. मावशींनी पंचांग बघितलेलं होतं. बारानंतर वेळ चांगली नव्हती, म्हणून त्याआधीच ताईची ओटी भरून तिला उंबऱ्याबाहेर काढायचं ठरलं होतं. मला वाटलं ओटी भरतील, मग चहा होईल, गप्पा होतील, तोवर गाडी चार्ज होईल. ताईने उंबरा ओलांडला, वळून घराला नमस्कार केला, मावशींनी डोळे पुसले, आणि मी टॉवेल उचलला.

दिवा लाल होता. स्क्रीनवर एकेचाळीस टक्के.

"निघा आता," मावशी म्हणाल्या.

मी सांगितलं की निघता येणार नाही. गाडी दोन तास नुसती लावलेली होती, चार्ज झालीच नव्हती. अजून चार-पाच तास लागतील, तेसुद्धा चालू झाली तर. "तोवर ताईला आत घेऊ. उन्हात कशाला?"

मग शेजारच्या सुमनकाकू मला समजावून सांगू लागल्या, लहान मुलीला सांगावं तसं. "ओटी भरून बाहीर पडलेली बाई त्या दिवशी मागं फिरून आत येत न्हाई, बाई."

"मग तुमच्याकडे बसू द्या."

"माझ्या घरात आली की माझी पाहुणी झाली. मंग मलाबी ओटी भरावी लागंल," काकू म्हणाल्या. "आन माझ्याकडं आज खण न्हाई."

तर अशी परिस्थिती होती. ताई घरात जाऊ शकत नव्हती, शेजारी जाऊ शकत नव्हती, आणि गाडी जागची हलू शकत नव्हती. ताई अंगणात उभी राहून हसायला लागली. पोट धरून हसत होती, म्हणून मावशी घाबरल्या आणि त्यांनी खाट बाहेर आणायला लावली.

तात्यांनी गोठ्याच्या पत्र्याखाली खाट टाकली. एका बाजूला म्हैस, दुसऱ्या बाजूला ताई. मग कूलर बाहेर आला. मग ताईला पाणी, उशी, लिंबू-सरबत, असं एकेक करून अर्धं घर बाहेर आलं.

"मी गाडीतच बसू का, एसी लावून?" ताईने विचारलं.

इथे मला एक कठीण गोष्ट बोलावी लागली. एसी बॅटरीवरच चालतो. एकेचाळीस टक्क्यांतून तो खायला लागला तर आपण इथेच राहू. "कूलर बरा आहे ताई," मी म्हणाले. ती म्हणाली, "बराय मग, मी अन् म्हैस."

तात्यांनी तोवर पुतण्याला फोन लावला होता. बालाजी नावाचा पुतण्या, त्याच्याकडे मोठी डिझेल गाडी आहे. तो म्हणाला पाचला येतो, ताईला वडीगोद्रीला सोडतो. कुणाच्याही मनात माझ्याबद्दल वाईट नव्हतं. तेच जास्त लागलं. म्हणजे पाच वाजेपर्यंत माझी गाडी तयार झाली तर ताई माझ्याबरोबर येणार, नाहीतर बालाजीबरोबर जाणार आणि मी एकटी मागून येणार.

मी गाडीचं पुस्तक उघडलं. लाल दिवा तीनदा लुकलुकतो याचा अर्थ अर्थिंग नाही. हे नीट सांगते, कारण गावाकडे इलेक्ट्रिक गाडी नेणाऱ्या प्रत्येकाला हे भेटणार आहे. सॉकेटला तीन भोकं असतात. वरच्या मोठ्या भोकाची वायर जमिनीत पुरलेल्या पाईपला जोडलेली असते. कुठे करंट उतरला तर तो माणसात न जाता मातीत जावा म्हणून. पंखा, गिरणी, टीव्ही यांना ती वायर असो नसो, ते चालतात. गाडीचा चार्जर मात्र आधी ती तपासतो आणि ती धड नसेल तर काम करायला नकार देतो. यात त्याचा काही आगाऊपणा नाही. उद्या गाडीच्या पत्र्याला हात लावणाऱ्याला झटका बसू नये म्हणून त्याची ती खबरदारी आहे.

"अर्थिंग हाय की," तात्या थोडे दुखावून म्हणाले. "गिरणी घेतली तव्हा पाईप गाडला मी सोता." त्यांनी भिंतीपाशी नेऊन दाखवला. पाईप होता, वायर होती, जोडसुद्धा पक्का होता. पण भोवतीची माती मे महिन्याच्या उन्हाने अशी कोरडी पडली होती की तीत भेगा होत्या. कोरड्या मातीतून करंट जात नाही. ओली हवी, आणि खारट असेल तर फारच उत्तम.

मी बटन बंद केलं, पाईपापाशी एक कळशी ओतली, थोडं थांबून बटन चालू केलं. दिवा हिरवा झाला. गल्लीतल्या बायकांनी ताईच्या ओटीला म्हटलं नसेल एवढ्या आनंदाने "झालं बाई" म्हटलं. पाच-सात मिनिटांनी परत लाल. माती पाणी पिऊन मोकळी झाली होती.

"मीठ लागेल," मी म्हणाले. "जाडं. भरपूर."

सगळ्या बायका मावशींकडे बघू लागल्या, कारण सगळ्यांना माहीत होतं की जाडं मीठ कुणाकडे आहे. मावशींनी आदल्याच दिवशी लोणच्यासाठी मिठाची गोणी आणली होती. कैऱ्या आत टोपलीत होत्या. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या.

"लोणच्याचं मीठ गाडीला?"

"गाडीला नाही मावशी. जमिनीला."

"जमिनीनं काय लोणचं खायचंय का?"

"आत्याबाई," खाटेवरून ताई सासूला म्हणाली, "मला लई उकडून राह्यलंय."

मावशी तडक आत गेल्या. बाहेर आल्या त्या गोणी ओढतच. पाईपाभोवती तात्यांनी कुदळीने आळं केलं, चुलीतला कोळसा टाकला, वर मीठ, वर पाणी. दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. पण पाणी दर थोड्या वेळाने घालावं लागणार होतं. मी नियम सांगितला: आधी बटन बंद, मग पाणी, मग बटन चालू. बायकांनी पाळी लावून घेतली. एक जण बटनापाशी, एक जण कळशीपाशी.

"एवढं पाणी महादेवाला घातलं असतं तं पोराला नौकरी लागली असती," सुमनकाकू ओतता ओतता म्हणाल्या.

"तुमच्या पोराला अर्थिंग कमी हाय," तात्या म्हणाले. "नौकरीवाले हात लावायला भितेत."

दुपारभर असंच चाललं. ताईला पुन्हा भूक लागली तशी मावशींनी अंगणातल्या चुलीवर धपाटे लावले, दही आणि ठेचा आणला आणि ताईच्या खाटेवरच बसल्या. बोलता बोलता त्यांनी स्वतःच्या पहिल्या बाळंतपणाचं सांगितलं. बैलगाडीतून माहेरी गेल्या होत्या आणि वाटेत चाक निखळलं होतं. "मंग?" ताईने विचारलं. "मंग काय, बसले झाडाखाली दिवसभर. बापाला वाटलं सासरच्यांनी पाठवलीच न्हाई. सासरच्यांना वाटलं पोचली." नंतर ताई मला म्हणाली, दोन वर्षांत आत्याबाई एवढं कधी बोलल्या नव्हत्या. आतमध्ये दोघींनाही कामं असतात.

पाचला बालाजी आला. पांढरी, उंच, डिझेलची गाडी, गल्लीच्या तोंडापासून ऐकू येणारी. त्याने उतरून माझी गाडी पाहिली, मीठ पाहिलं, चिखल पाहिला आणि विचारलं, "हे काय करून राह्यले तुम्ही?"

उत्तर म्हणून सुमनकाकूंनी बटन बंद करायला लावून आणखी एक कळशी ओतली.

स्क्रीनवर बहात्तर टक्के होते. सकाळी येताना एकोणसाठ लागले होते. परतीला गोदावरीच्या बाजूला उतार आहे, म्हणजे थोडे कमी लागतील. उतारावर पाय उचलला की मोटर डायनॅमोसारखी चालून बॅटरीत थोडी भरसुद्धा घालते. संध्याकाळी ऊन कमी. मी दोनदा हिशेब केला. पण पोटुशी बहीण म्हणजे हिशेबाची वही नव्हे. मला खूप वाटत होतं की तिने माझ्याच गाडीत बसावं, आणि म्हणूनच मी सगळं स्पष्ट सांगायचं ठरवलं.

"ताई, घरी पोचू तेव्हा बारा-पंधरा टक्के उरतील असा माझा अंदाज आहे. कमी पडले तर अंबडला मैत्रिणीच्या घरी थांबावं लागेल. बालाजीदादाच्या गाडीत असला काही प्रश्न नाही. तुला त्यात जायचं असेल तर जा. मला राग नाही."

बालाजीने लगेच दार उघडून धरलं. "या वहिनी. एसी चालू हाय."

ताई खाटेवरून सावकाश उठली. "भाऊजी, मी दुपारपासून म्हशीशेजारी बसले ते कशासाठी? त्या गाडीसाठी," ती माझ्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाली. "आता तुमच्या गाडीत बसले तर सगळं फुकट गेलं."

"मंग मी कशाला आल्तो?"

"ज्वारी न्यायला," मावशी म्हणाल्या आणि आतून पोती यायला लागली. दोन पोती ज्वारी, तूरडाळ, शेवया, पापड, कैऱ्यांची टोपली. हे सगळं माझ्या गाडीत घालायचा त्यांचा बेत होता, आणि मी जड सामानाने रेंज कमी होते हे सांगणारच होते. ते बालाजीच्या एसी गाडीत गेलं. त्याने ज्वारीसाठी एसी बंद केला की नाही माहीत नाही.

निघताना मावशी माझ्या खिडकीशी आल्या. मला वाटलं काही सुनावतील. त्या म्हणाल्या, "हळू ने. आन पोचली की मिसकॉल दे. लोणच्याचं बघू पुढच्या आठवड्यात."

परतीचा रस्ता मी जन्मात विसरणार नाही, कारण काहीच घडलं नाही. राजूरच्या उतारावर दोन टक्के वाचले. गतिरोधकांवर मी इतकी हळू जात होते की मागून बालाजी हॉर्न द्यायचा. जालना बायपासला ताईची मान एका बाजूला झुकली आणि ती झोपली. गाडीत आवाज नाही, थरथर नाही. तिच्या श्वासाचा आवाज येत होता. मी एसी लावला. रेंजचा आकडा सहा किलोमीटरने कमी झाला आणि मी त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं. अंबडच्या मैत्रिणीला फोन करून सांगितलं, थांबत नाही.

वडीगोद्रीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन ओवाळायला दारात उभी राहणार होती, पण ती आत होती. बाबा घरालगतच्या हॉटेलच्या बाकावर हायवेकडे कान लावून बसले होते, आमच्याकडे पाठ करून. आम्ही त्यांच्या मागे येऊन थांबलो तरी त्यांना कळलं नाही. ताई जागी झाली होती. तिने माझा हात हॉर्नवरून काढला.

"थांब जरा. आत गेले की सगळे मलाच घेरतील. किती राहिले?"

"तेरा टक्के."

"कालव्यापर्यंत जाऊन येता येईल?"

हिशेबाने येत होतं. शहाणपणाने येत नव्हतं. मी गाडी मागे घेतली. बालाजी ज्वारी घेऊन पोचला तेव्हा आम्ही गावाबाहेर कालव्यावर होतो, आणि बाबांनी त्याला विचारलं, "पोरी कुठं गेल्या?" तो म्हणाला, "माझ्या पुढंच व्हत्या." पुढची दहा मिनिटं हॉटेलात काय झालं ते आईने आम्हाला नंतर, बराच वेळ, सांगितलं.

आता या गोष्टीला तीन आठवडे झाले. अशी सहल करणाऱ्यांना माझा सल्ला: जिथे जाणार तिथलं नुसतं सॉकेट बघू नका, अर्थिंग बघा. दिव्यावर काही झाकू देऊ नका. उन्हाळ्यात जाडं मीठ स्वतःचं न्या. आणि परंपरा आणि बॅटरी दोन्हींचं वेळापत्रक आधी विचारून घ्या.

आणखी एक. बॅटरी जास्त वर्षं टिकावी म्हणून माझ्यासारख्या गाडीत रोज ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवावं असं पुस्तकात लिहिलं आहे, आणि हसनाबादचा दिवस सोडला तर मी ते चार महिने न चुकता पाळलं. गेल्या आठवड्यात बाबांनी आपणहून चहाच्या गल्ल्यावरून विचारलं, "दवाखान्याला अंबडला न्यायचं झालं तं तुझ्या गाडीत किती भरून ठेवावं लागंल?" मी म्हणाले, तसं चाळीससुद्धा पुरतील.

"पुरतील नको," ते म्हणाले. "फुल ठेव."

तेव्हापासून रोज रात्री शंभर करते. बॅटरीचं आयुष्य थोडं कमी होईल. होऊ दे.